दाढीसाठी माणूस

"फेस लावायच्या आधी एक सांगून ठेवतो," म्हातारा खुर्चीत टेकत म्हणाला. "कोणी काही विचारलं तर खरं सांगायचं. नाहीतर मी आत्ताच उठतो."

"हो, सर," कर्टिस म्हणाला.

मेकन शहरातल्या परीक्षागृहात न्हाव्यांच्या खुर्च्या भिंतीवरच्या आरशांसमोर मांडल्या होत्या. केस कापून दाखवायला राज्याच्या परवाना मंडळाला रबरी डोकं चालत असे. दाढीला मात्र जिवंत माणूस लागे, आणि तो उमेदवारानेच आणायचा. कर्टिसला शेजारचा एक जण कबूल झाला होता. काल त्याने फोन केला. राग मानू नकोस, पण तुरुंगातून आलेल्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायची म्हटल्यावर बायको घाबरते, म्हणाला.

हे कळलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "मी बसतो."

पलीकडच्या खुर्चीपाशी रोशेल नावाची उमेदवार होती. तिने आणलेला मामा गरम टॉवेल तोंडावर पडताच घोरायला लागला होता.

"बघ, आमचा मामा कसा निवांत," ती हळूच म्हणाली. "तुझा म्हातारा डोळेसुद्धा मिटत नाही. भरवसा नाय वाटतं पोरावर."

"डोळे मिटा, सर. फेस जाईल."

"जाऊ दे."

"बापाला सर म्हणणारी पोरं अजून शिल्लक आहेत म्हणायची," रोशेल म्हणाली. "माझा थोरला मला नावाने हाक मारतो."

कर्टिस ब्रश फिरवत राहिला.

वस्तरा धरायला तो तुरुंगातच शिकला होता. तिथे पातं हातात मिळत नसे. फुग्याला फेस फासायचा आणि आइस्क्रीमच्या काडीने तो उतरवायचा. बाहेर आल्यावर त्याने न्हावीकामाच्या शाळेत नाव घातलं, दिवसा गोदामात पोती उचलली आणि संध्याकाळी शाळेचे तास भरले. परवाना मिळाला की खुर्ची द्यायला एक दुकानदार तयार होता. परवान्याशिवाय त्याने कात्रीला हात लावला असता, तर सुटकेची अट मोडल्याबद्दल तो पुन्हा आत गेला असता. दुसरं कुठलं काम त्याला नीट येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती.

खटला चालू असताना म्हातारा रोज पहिल्या बाकावर बसायचा. वकिलाने सांगितलं होतं, तोंड उघडायचं नाही. कर्टिसने शेवटपर्यंत उघडलं नव्हतं. पुढे म्हातारा तुरुंगात भेटीला येऊ लागला. बाकीच्यांचे बाप गप्पा मारत, पत्ते खेळत. हा गप्प बसायचा. उठताना एकच प्रश्न विचारायचा, आणि कर्टिस टेबलाकडे बघत राहायचा. तरीही पुढच्या महिन्यात तो पुन्हा यायचा.

परीक्षक मिसेस हॅनकॉक मागे येऊन उभ्या राहिल्या. कर्टिसची फाइल त्यांनी वाचली होती. त्यामुळे त्यांची नजर फेसापेक्षा वस्तऱ्यावर जास्त होती.

"कर सुरू."

कर्टिसने डाव्या हाताने गालाची कातडी ताणली आणि पातं टेकवलं.

"आयझॅक डावीकडून सुरू करायचा," म्हातारा ओठ न हलवता म्हणाला.

"आयझॅक कोण?" रोशेलने विचारलं.

"माझा मुलगा. रविवारी चर्चला जायच्या आधी तोच करायचा माझी दाढी."

"आणि आता?"

"आता नाही तो."

"अरेरे," रोशेल म्हणाली. "मग आता धाकट्यावर आली होय पाळी."

"बोलू नका, सर," कर्टिस म्हणाला. "गळ्याशी आलोय."

त्याने म्हाताऱ्याची हनुवटी वर केली. पातं गळ्याच्या घाटीच्या बाजूने खाली सरकू लागलं. तेवढ्यात म्हाताऱ्याने आवंढा गिळला. फेसात लाल ठिपका उमटला.

रक्त आलं तर उमेदवाराने थांबायचं आणि मोठ्याने सांगायचं, असा नियम होता. खरचटल्याने कोणी नापास होत नसे. लपवलं तर होई. रोशेलचा हात थांबला. मिसेस हॅनकॉक वाट बघत राहिल्या.

"मॅडम, रक्त आलंय," कर्टिस म्हणाला. "माझ्या हातून."

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच डोळे मिटले.

कर्टिसने वस्तरा बाजूला ठेवला. नवे हातमोजे चढवले, जखम पुसली, रक्त थांबवायची पूड दाबली. वापरलेलं पातं बंद डब्यात टाकून दुसरं बसवलं. उरलेली दाढी त्याने घाई न करता पुरी केली आणि गार टॉवेल ठेवला.

मिसेस हॅनकॉकनी म्हाताऱ्याच्या गालावरून कापसाचा बोळा उलटा फिरवला. एकही तंतू अडकला नाही.

"काम स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पण तुला ठाऊक आहे, तुझ्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. वर्तणुकीचा शेरा मला द्यायचाय, आणि मंडळ तोच आधी वाचतं." त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज थोडा मऊ झाला. "बरं केलंस यांना आणलंस ते. घरची माणसं पाठीशी आहेत, असं मी लिहीन. वडीलच ना हे तुझे?"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. रोशेल तर त्याच्या वतीने केव्हाच हलवत होती.

आरशात म्हाताऱ्याचे डोळे पुन्हा उघडले होते.

कर्टिसने टॉवेलची घडी घातली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "हे आयझॅकचे वडील. आयझॅकला मी मारलं."