एक्समच्या नावची बंदूक

"अजून डावीकडे," डॉर्कस कुजबुजली.

ती नवऱ्याच्या पाठीशी उभी होती, दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांवर ठेवून. एक्सम वीव्हर सांगितलं तेवढाच वळला. दलदलीवर सकाळचं धुकं होतं, पण त्याला धुकं काय नि ऊन काय. मोतीबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले होते.

"वर. आणखी वर. हं!"

बार झाला. एक बदक धपकन पाण्यात पडलं.

"मिळालं?"

"मिळालं. तुझ्यासारखंच आहे, लठ्ठ नि आळशी."

एक्सम हसला आणि बोटांनी चाचपत पुन्हा दारू ठासू लागला. डॉर्कस मदतीला सरसावली नाही. नॉर्थ कॅरोलायनात गोऱ्या माणसाला बंदूक बाळगायला कुणाला विचारावं लागत नसे. ही दोघं काळी. कुणाची गुलाम नव्हती, स्वतःच्या तुकड्यावर मका पिकवून राहत होती, तरी त्यांच्यासारख्यांना दर वर्षी कोर्टाचा परवाना लागे. परवाना एक्समच्या नावावर होता. डॉर्कसनं बंदूक नुसती खुंटीवरून काढली असती तरी गुन्हा झाला असता. म्हणून ती बंदुकीला कधी शिवत नसे.

मागे चिखलात घोड्याच्या टापा वाजल्या. कॉन्स्टेबल हॉलोवेल खाली उतरला.

"एक्सम, तुला दिसत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग रोज बदकं कोण मारतं? तुझी बायको?"

"मी बंदुकीला हात लावत नाही, साहेब," डॉर्कस म्हणाली. "नवऱ्याला लावते. त्यालाही परवाना लागतो का?"

हॉलोवेलच्या ओठावर हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. "लोक माझ्याकडे तक्रार घेऊन आलेत. तू त्या झाडापाशी जाऊन उभी राहा. तोंडातून शब्द काढायचा नाही. यानं एकट्यानं एक पाडलं, तर मी काही पाहिलं नाही. नाही पाडलं, तर बंदूक घेऊन जाईन."

डॉर्कस झाडापाशी गेली. एक्सम एकटा उभा राहिला. हिवाळा अजून बराच बाकी होता, आणि मांस मिळायचं ते याच पाण्यावरून.

बराच वेळ काही झालं नाही. मग पंख वाजले. एक्समनं बंदूक खांद्याला लावली आणि आवाजाच्या रोखानं नळी फिरवू लागला. फिरता फिरता नळीचं तोंड डॉर्कसच्या छातीवर आलं.

तिनं डोळे मिटून घेतले. आवाज केला नाही.

"ए, थांब!" असं हॉलोवेल ओरडणार, तोच एक्सम आपणहून थांबला.

"डॉर्कस? कुठं आहेस तू?"

ती बोलली नाही. पंखांचा आवाज डोक्यावरून निघून गेला. एक्समनं नळी जमिनीकडे वळवली, चापावरचं बोट काढलं आणि बंदूक समोर धरली.

"घ्या, साहेब."

हॉलोवेलनं ती घेतली. जाण्याआधी तो गुडघाभर पाण्यात उतरला, मघाशी पडलेलं बदक उचलून आणलं आणि डॉर्कसच्या टोपलीत ठेवलं. तिच्याकडे न बघताच घोड्यावर बसला.

घोड्याच्या टापांचा आवाज विरला.

"हवेत उडवून मोकळं व्हायचं होतंस," डॉर्कस म्हणाली. "नेम चुकला म्हणाला असता, साहेबाला दया आली असती कदाचित."

"तू का नाही बोललीस?"

"बोलले असते तर बंदूक गेली असती."

"आणि नाही बोललीस तर तू गेली असतीस, वेडे!" त्याचा आवाज फाटला. त्यानं हात पुढे केला. डॉर्कसनं तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तशीच उभी राहिली.

"फासे लावू आपण," थोड्या वेळानं तो म्हणाला. "सशांसाठी. गाठी मला न बघता मारता येतात."

"लावू."

धुकं विरत आलं होतं. नवा थवा आला आणि समोरच, अगदी जवळ, पाण्यावर उतरला. एक्समनं कान टवकारले. सवयीनं डॉर्कसचा हात त्याच्या खांद्याकडे गेला, आणि मग तिथेच राहिला.

"कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"समोर." तिनं पाण्याकडे नीट निरखून पाहिलं. "नरांची डोकी हिरवी आहेत. ओल्या पानासारखी चमकतायत. गळ्यात पांढरी रेघ आहे, बारीक. माद्या सगळ्या मातीच्या रंगाच्या."

"पुढं सांग," एक्सम म्हणाला.