भीमाचं पथ्य

"ती पिशवीबी गाडीत टाक," शेवंताबाई म्हणाल्या. "कुत्रं चाललंच आहे, त्याच्यासंगं ती घानबी जाऊ दे."

सुनेने, रूपालीने, कुत्र्याच्या खाद्याची पिशवी आणखीच घट्ट धरली. पिशवीवर मासा छापलेला होता. माळकऱ्याच्या अंगणात मासा, मग तो छापलेला का असेना! मागच्या पिशवीवरच्या माशावर शेवंताबाईंनी शेणाचा पो थापला होता आणि ती पिशवी गोठ्यातच ठेवायची असा हुकूम सोडला होता. गायीशेजारी मासा चालतो, देवाशेजारी नाही, हा न्याय त्यांचा त्यांनाच ठाऊक.

फाटकाशी शिरपूरच्या चुडामणची पिकअप उभी होती. त्याला कापसाच्या जिनिंगवर राखणीला कुत्रा हवा होता. भीमा, वासराएवढा ग्रेट डेन, पिकअपच्या चाकाला अंग घासत होता. खाजवून खाजवून त्याच्या पोटाखालची कातडी सोलली होती.

"त्याला कोंबडी सोसत नाही, आई. डॉक्टरांनी फक्त मासळीचं खाद्य सांगितलंय. जिनिंगवर कोंबडीचीच हाडं टाकतील. सडून मरेल तो."

"अन् इथी काय बरा झाला? आख्खी पिशवी खाल्ली त्यानं. घर बाटवलं अन् खाज तशीच. तुह्या माहेरी चालत असीन मच्छी, आमच्याइथी नाही चालत."

रूपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जळगावच्या दुकानात तिने एकेक पिशवी उलटून वाचली होती. पुढे माशाचं चित्र आणि मागे बारीक अक्षरांत चिकन, असल्या कितीतरी परत ठेवल्या, तेव्हा मोठ्या कुत्र्याची, निव्वळ मासळीची ही एक सापडली. तेव्हापासून घरात भीमाला तिने दुसरा घास दिला नव्हता. नवरा दीपनगरला ड्युटीवर होता, म्हणजे भांडणाच्या वेळी नेहमी असतो तिथेच. तिने सरळ जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा आईंना."

"खाद्य बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "पण एव्हाना खाज उतरायला हवी होती. मला वाटतं, त्याच्या पोटात अजून कुठून तरी कोंबडी जातेय. घरात कोणी हाडं वगैरे घालतं का?"

शेवंताबाई फोनवरच तुटून पडल्या. "आमच्या घरात? डॉक्टर, आमचे मालक माळकरी हायेत! गावचं भजनी मंडळ चालवतात!"

"मग बाहेर कुठे जातो का तो?"

"कुठी जाईन? सांजच्याला मळ्यात जातो, केळीच्या राखनीले. तिथी तं हेच असतात त्याच्यासंगं. दुसरं कोनीबी नाही."

बोलून झालं आणि मग त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं.

इतका वेळ बाजेवर बसलेले सासरे, सुपडूआबा, उठून उभे राहिले. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. "ठेव तो फोन," ते रूपालीला म्हणाले. "चुडामण, घाल कुत्र्याले गाडीत. उशीर होईन तुले."

चुडामणने दोर ओढला. "आबा, हाऊ काय कुत्रा शे? घोडा शे, घोडा!"

घोडा पिकअपकडे जाईना. उलट त्याने चुडामणलाच फरफटत आबांपुढे नेलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नाक खुपसलं, उजव्या हाताचं एकेक बोट चाटलं, आणि शेपटी हलवत शहाण्यासारखा समोर बसून राहिला. रूपालीने जंग जंग पछाडलं होतं, पण तिच्या ताटापुढे तो कधी असा बसला नव्हता.

आबांनी हात मागे ओढला. चुडामण मोठ्याने हसला, आणि शेवंताबाईंचा चेहरा दिसताच दोराची गाठ तपासू लागला.

"आई," रूपाली म्हणाली, "तुम्ही पाहिलंत ना? आता त्याला ठेवा. मळ्यात नका पाठवू, इथेच बांधा. बरा होईल तो."

शेवंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत इतका द्वेष होता की रूपाली एक पाऊल मागे सरली.

"मी काई नाही पायलं," त्या म्हणाल्या. "अन् तूबी नाही."

त्यांनी पदर खोचला, दोराला स्वतः हात घातला. दोघांनी मिळून भीमाला वर कोंबलं. तो आबांकडे बघून केकाटत होता. पिकअप सुरू झाली तशी रूपाली मागे धावली आणि तिने ती पिशवी फळीवरून आत टाकली.

"चुडामणभाऊ, हेच घाला त्याला! फक्त हेच!"

चुडामणने काच वर केली.

ती रडत परत आली तेव्हा आबा तसेच उभे होते, उजवा हात अंगापासून लांब धरून. त्याला भीमाची लाळ लागली होती.

"बघत काय राह्यली?" शेवंताबाई तिच्यावर ओरडल्या. "पानी आन. ह्यायच्या हातावर घाल. अन् साबनबी आन."