धाकटीची ओ

नुकत्याच वारलेल्या थोरलीला दिवाणखान्यात जमिनीवर निजवलं होतं. ग्रीक कारागिराने तिच्या चेहऱ्यावर कोमट मेण ओतलं, त्यात तांब्याच्या तारा बसवल्या आणि तो आईला म्हणाला, "आता नाव घेऊन हाक मारा, बाई. डोक्यात धग आहे तोवर पोर ओ देईल. मेण एकदाच आवाज धरतं, तेव्हा बाकी कुणी तोंड उघडू नका."

धाकटी पडद्याआड मुसमुसत होती. रोमच्या रिवाजाप्रमाणे दोघी बहिणींना बापाच्या कुळाचं एकच नाव होतं.

"पेट्रोनिया!" आईने टाहो फोडला.

"आले, आई!" धाकटीच्या तोंडून निघून गेलं. जन्माची सवय!

कारागिराने कपाळावर हात मारला. मेण थिजलं होतं.

कित्येक वर्षांनी वडील सरहद्दीवरून परतले, ते भिंतीवर टांगलेल्या थोरलीच्या मेणाच्या मुखवट्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी नाव घेताच मुखवटा म्हणाला, "आले, आई!" तो धिप्पाड शिपाईगडी लहान मुलासारखा रडला. "तीच! माझी थोरली!"

खरं सांगायला धाकटी पुढे झाली, तशी आईने तिचं तोंड दाबून तिला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"बहीण गेली तशी तुझी वाचा बसली, असं सांगेन मी त्यांना," आई पुटपुटली. "आता कधीच बोलू नकोस, बाळ."

बाहेर वडिलांना धाकटीला जवळ घ्यावंसं वाटलं. त्यांनी हाक मारली, "पेट्रोनिया!"

धाकटीने ओठ घट्ट मिटले. भिंतीवरून उत्तर आलं, "आले, आई!"