हात खाली आला तर

“शेंगदाणा चालतोय म्हणून तुम्ही लिहून दिलंसा. खाली सही तुमची. आणि माझी पोरगी सकाळपासनं ऑक्सिजनवर हाय.”

सयाजीनं कागद टेबलावर आपटला. मागं त्याची बायको संयोगिता उभी. तिच्या ओढणीवर पोरीची उलटी वाळून कडक झालेली.

सरांनी पांढऱ्या कोटाची बाही सारखी केली. त्यांच्या डोक्यावर बोर्ड होता : सुई नाही, रक्त नाही, पाच मिनिटांत ॲलर्जी ओळखा.

“शरीर खोटं बोलत नाही,” सर म्हणाले. “बसा. परत बघू.”

तीन आठवड्यांपूर्वी असंच बसवलं होतं. शेंगदाण्याची चटणी खाल्ली की अंबूचे ओठ सुजायचे. तीन वर्षांच्या पोरीचा हात काय दाबणार? म्हणून तिला बापाच्या मांडीवर बसवलं, शेंगदाण्याच्या अर्काची छोटी बाटली तिच्या मुठीत दिली आणि सरांनी आडवा धरलेला बापाचा हात वरून दाबला. हात खाली आला तर ॲलर्जी. नाही आला तर खुशाल खा.

सयाजी तालमीत पोरांना कुस्ती शिकवतो. हात खाली आला नाही.

आज अंबू दवाखान्यात, म्हणून बाटली त्याच्याच मुठीत होती. सरांनी त्याचा आडवा धरलेला दुसरा हात एका हातानं दाबला. मग दोन्ही हातांनी. चष्मा नाकावर घसरला. हात जागचा हलला नाही.

“आजही चालतोय असंच येतंय,” सर म्हणाले.

संयोगिता हळू म्हणाली, “सर, निळी पडलीया ती. शेंगदाण्याचा अर्धाच लाडू दिलता मी. ह्यो कागद वाचून.”

सरांनी घाम पुसला आणि आवाज चढवला. “मग यांनी त्या दिवशी जोर लावला असणार. हात सैल सोडा म्हणून सांगितलं होतं की नाही?”

संयोगितानं नवऱ्याकडं मान वळवली. “अवं, लावलासा जोर?”

सयाजीला त्या दिवशीचं आपलं हसणं आठवलं. ‘हा हात न्हाय हलायचा सर,’ असं म्हणाला होता तो.

“लावला,” तो म्हणाला. “दात खाऊन लावला.”

काचेच्या दाराबाहेर पुढचा नंबर बसला होता. मांडीवर बाळ, आणि त्याचा बाप शर्टाची बाही वर सारत होता.

सयाजीचा हात अजून तसाच आडवा होता.

“हात खाली आला की पोरगी आजारी, हे तुम्हीच सांगितलंसा. ते पण ती मांडीवर असताना. मग कुठला बाप हात खाली येऊ दील? सांगा की सर. कुठला?”