कपाळावरची हजेरी

फळ्यावरून नजर हटली की मुलांच्या कपाळावरची लक्ष मोजणारी बोलकी पट्टी गैरहजेरी लावायची. पहिल्या बाकावरच्या ईश्वरीला तिने सलग चाळिसाव्या दिवशी गैरहजर ठरवलं, तेव्हा कर्णिक मॅडम तिला घेऊन तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरल्या.

“पोरगी कागदाच्या घड्या घालत ऐकते, सर! काल अख्ख्या वर्गात उत्तर हिनेच दिलं. आणि हीच गैरहजर?”

“नियम म्हणजे नियम. परीक्षेला बसता येणार नाही,” मोबाइलमधून डोकं वर न काढता प्राचार्य म्हणाले.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ईश्वरीने पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. मॅडमनी ती सरळ प्राचार्यांच्या कपाळाला लावली.

“अं? काय म्हणालात?” प्राचार्य दचकले.

पट्टी खणखणीत आवाजात म्हणाली, “गैरहजर.”