कोरी नळी

पट्टा पुन्हा उमटला. निळ्या उजेडात, जेलच्या पातळ वडीवर, तो रकान्याच्या मधोमध ऐसपैस बसला होता.

आत्याबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. डीएनए असला की असा पट्टा उमटतो; या रकान्यात भरलेल्या नळीत तर त्यांनी तो घातलाच नव्हता. नुसतं पाणी, सकाळी सगळ्यांना वाटलेलं. बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा तर ही कोरी निघायला हवी. हिच्यात काही दिसलं की सगळाच प्रयोग बाद.

त्यांच्या कॉलेजात नवी प्रयोगशाळा उभी राहिली होती. ती त्यांच्या हाती द्यायची की नाही, ते या प्रशिक्षणातल्या आजच्या परीक्षेवर ठरणार होतं. जन्मभर त्यांनी हे सारं फळ्यावर खडूने काढून शिकवलं. निवृत्तीआधी एकदा तरी पोरींच्या हातात पिपेट द्यावी, एवढीच आस उरली होती.

'आत्याबाई' हे नाव प्रशिक्षणाला आलेल्या प्राध्यापकांनीच ठेवलेलं. त्या येताजाता प्रत्येकाला जेवलात का विचारायच्या, म्हणून. शेजारच्या टेबलावरचा तरुण प्राध्यापक तर लाडका भाचाच झाला होता. त्याने मान लांब करून जेलचा फोटो पाहिला. हात हलला असेल, थेंब उडाला असेल, अशी समजूत घातली. त्यांनाही तेच वाटलं. हल्ली कपबशीसुद्धा हातात किणकिणायची.

मग भाचा खाली वाकून म्हणाला, "आत्या, जीव कशाला जाळता? पुन्हा जेल लावा आणि कोऱ्या नळीच्या खड्ड्यात काही भरूच नका. भरलंच नाही तर उमटेल काय?"

"आणि पोरींनी विचारलं तर?"

"पोरींना सांगायला जातंय कोण? आधी प्रयोगशाळा पदरात पाडून घ्या."

वेळ हातात होता. जेलमधला खड्डा इवलासा, दवाच्या थेंबाने भरेल एवढा. आत्याबाईंनी पिपेट उचलली. बराच वेळ धरून ठेवली. मग परत जागेवर टांगली.

संध्याकाळी सगळ्यांचे फोटो भिंतीवर लागले. ज्याची त्याची कोरी नळी धुतल्या पाटीसारखी लख्ख. भाच्याचीही. डाग तेवढा आत्याबाईंच्या फोटोत.

मुख्य प्रशिक्षिका तिथे थांबल्या. "हे कसं झालं?"

"माझ्याच हातून काही मिसळलं असणार, मॅडम. पुन्हा करून पाहिलं, तरी आलंच. कुठून आलं ते नाही सापडलं. माझा प्रयोग बाद धरा."

मागे कुणीतरी हळहळलं.

प्रशिक्षिकेने तो एक फोटो तसाच ठेवला आणि बाकीचे एकेक करून उतरवले. मग सगळ्यांकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या,

"सकाळच्या पाण्यात डीएनए मीच मिसळला होता. सगळ्यांच्या."