दोनशे चौथी फेरी

"आई कुठंय?" टेबलापाशी येता येता त्यानं विचारलं.

"दोनशे तीन," त्याची मुलगी म्हणाली आणि पाण्याचा पेला पुढं केला. त्यानं दोन घोट घेतले, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि निघाला. निघाला म्हणजे काय, भाजीची पिशवी घेऊन घाईनं चाललेली बाईसुद्धा त्याला मागं टाकेल, अशा बेतानं.

सदतीस वर्षं त्यानं लिफ्टमन म्हणून एका पेटीत उभं राहून काढली. निवृत्त झाल्यावर माणसं बसतात, हा धावायला लागला. वेग यथातथाच, म्हणून मैदानावर सगळे त्याला 'रमतगमत' म्हणत. पण अठ्ठेचाळीस तासांच्या या शर्यतीत वाऱ्यासारखे सुटलेले भलेभले दुसऱ्या दिवशी तंबूत पाय वर करून पडायचे आणि रमतगमत आपला चालूच. दोन वर्षांपूर्वी त्यानं दोनशे एकाहत्तर किलोमीटर काढले होते. तेवढे इथं कुणीच काढले नव्हते. त्याची ढाल घरी कपाटावर उताणी पडली होती. ती भिंतीवर लावायचं नाव तो काढत नसे.

सकाळचे सहा वाजत आले होते. मुलीनं तक्त्यावर एक रेघ ओढली. इथं ज्यानं त्यानं मोजायला घरचं माणूस बसवायचं, एक किलोमीटरच्या फेरीला एक रेघ, तीही पेन्सिलीनं; पेनाची शाई दवानं फुटते. वेळ ताडून बघायला तिनं दोन वर्षांपूर्वीचा, विक्रमाचा तक्ता आजच्या खाली लावून ठेवला होता. त्यावर एकशे नव्वदपर्यंतच्या रेघा आईच्या होत्या, सरळ, ठसठशीत. पुढच्या हिच्या, वाकड्यातिकड्या.

"आजही एकशे एक्क्याण्णवपासूनच विचारायला लागले," ती शेजारच्या टेबलावरच्या बेकरीवालीला म्हणाली. "तेरा वेळा झालं."

"अगं, जागरणानं भास होतात," बेकरीवाली म्हणाली. तिचा नवराही धावत होता. "आमच्या ह्यांना दुसऱ्या रात्री मैदानात म्हैस दिसते. मी म्हणते, दिसते ना, मग वळसा घालून जा. तूही दे काहीतरी सांगून. त्या वर्षी काय सांगत होतीस?"

"चहा आणायला गेलीय."

"मग तेच सांग की!"

मुलगी पुढचा पेला भरायला लागली. त्या वर्षी, तेव्हाही पहाटच होती. आईच्या छातीत कळ आली आणि तिनं पेन्सिल हिच्या हातात दिली. "ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली होती. "एकदा थांबले की पाय आखडतात. मी आलेच." रुग्णवाहिका फाटकातून डावीकडे वळली. नंतर फोन आला. फोन ठेवून हिनं रेघ ओढली, पाणी दिलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मोजणाऱ्यानं धावणाऱ्याला आकडा सांगायचा, वाईट बातमी सांगायची नाही, हे आईनंच तिला शिकवलं होतं. मग एक फेरी, आणखी एक, आणि जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं. शर्यत संपेपर्यंत ती तेच सांगत राहिली. पुढं दोन वर्षांत त्यानं एका शब्दानं जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं, असं तिला रोज वाटायचं.

तो वळणावरून येताना दिसला. तीच पावलं, तोच वेग. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तो आला.

"दोनशे चार," ती म्हणाली.

"आई कुठंय?"

तिनं पेला खाली ठेवला. "आई गेली, बाबा."

तो थांबला. छत्तीस तासांत पहिल्यांदा. बेकरीवालीनं जीभ चावली.

"किती वाजता?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज अगदी शुद्धीतला होता.

"सहा वाजून दहा मिनिटांनी."

"मी कुठं होतो?"

"याच फेरीत. दोनशे चार."

त्यानं मान हलवली. तक्ता हातात घेतला, वरचा कागद उलटला आणि खालच्या कागदावरच्या रेघांवरून बोट फिरवत नेलं. दोनशे चारवर बोट थांबलं.

"ऐंशी वेळा विचारलं गं मी तुला," तो म्हणाला.

"चुकलं माझं, बाबा." तिला रडू फुटलं. "आईनं सांगितलं होतं, म्हणून... मला कळलंच नाही कुठं थांबायचं."

त्यानं ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "इथं," तो म्हणाला. "याच्या पुढच्या खोडून टाक."

"बाबा, विक्रम आहे तो!"

"त्या माझ्या नाहीत. हे मला सांगितलं असतंस, तर मी असा गेलो असतो."

आणि तो सुटला. मार्ग सोडून, दोरी ओलांडून, गवतातून सरळ. गुडघे वर, मुठी आवळलेल्या, तोंड उघडं. तंबूतले लोक बाहेर येऊन बघायला लागले. गवताकडेच्या मार्गावरून धावणाऱ्या दोघांना त्यानं बघता बघता मागं टाकलं.

"अगं बाई," बेकरीवाली म्हणाली, "एवढं पळता येतं ह्यांना?"

फाटकातून तो डावीकडे वळला.